तांदळाची खीर
तांदूळ दुधात मंद आचेवर शिजवून, दूध आटवून व गोडी घालून केलेला दाटसर पदार्थ. ‘खीर’ हा शब्द दूध या अर्थाच्या ‘क्षीर’ या संस्कृत शब्दापासून आला असून संस्कृतात या पदार्थाला ‘पायस’ असेही म्हणतात. कोल्हापूर परिसरात नुसते ‘खीर’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गूळ घातलेली खपली गव्हाची खीर येते. तांदळाची खीर मुख्यतः भाद्रपद वद्य पक्षातील म्हाळाच्या जेवणात वड्यांबरोबर वाढली जाते. तिची गाठ श्राद्धाशीच पडल्यामुळे काही घरांत ती एरवी होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण तिला लागणारे दूध आणि तांदूळ या जिल्ह्याइतके चांगले क्वचितच एका ठिकाणी मिळतात.

कोल्हापुरात म्हशीच्या दुधाची परंपरा मोठी असून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळून दूध देण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. या दुधात स्निग्धांश साधारणतः ६ ते ७ टक्के असल्यामुळे ते थोडे आटले तरी खिरीला सायीचा दाटपणा येतो. तांदूळ सुवासिक घ्यावा. आजरा तालुक्यातील ‘आजरा घनसाळ’ या २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाणाचा दरवळ दुधात चांगला उतरतो.

१ लिटर दुधाला ५० ते ६० ग्रॅम तांदूळ पुरतो. दिसायला हे प्रमाण कमी वाटते, परंतु त्याहून अधिक घातल्यास खिरीचा भात होतो. तांदूळ धुऊन, निथळून, चमचाभर तुपावर परतावा आणि जाडसर भरडावा. दाणा फुटल्याने त्यातील पिष्ट दुधात उतरते, उष्णतेने फुगते व दुधातील पाणी धरून ठेवते. मऊपणा येतो तो यामुळे. वरून तांदळाची पिठी लावून आणलेला दाटपणा चिकट लागतो, आणि खव्याने मूळ दुधाची चव झाकली जाते. जाड बुडाच्या किंवा कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात दूध उकळल्यावर भरड सोडावी व ४० ते ४५ मिनिटे तळापासून ढवळत, कडेला धरलेली साय पुन्हा आत लोटत शिजवावी. दूध एकदा बुडाला लागले की करपट वास निघता निघत नाही. साखर (सुमारे १०० ग्रॅम) दाणा बोटांत चिरडण्याइतका मऊ झाल्यावरच घालावी, कारण ती आधी पडल्यास पाणी ओढून घेते आणि दाणा शिजायला वेळ लागतो. शेवटी वेलदोडा, जायफळ, चारोळी व चिमूटभर मीठ घालतात.

कोल्हापुरी गुळाची खीर रंगाने तांबूस व चवीने खमंग होते, मात्र गूळ किंचित आम्लधर्मी असल्याने उकळत्या दुधात घातल्यास ते फाटते. पातेले चुलीवरून उतरवून खीर कोमट झाल्यावर किसलेला गूळ त्यात विरघळवावा व त्यानंतर ती पुन्हा उकळू नये.

निवताना पिष्ट आळत जाते, म्हणून खीर हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवावी. फ्रिजमध्ये ठेवलेली खीर दुसऱ्या दिवशी घट्ट होते. साखरेची असल्यास अर्धी वाटी गरम दूध घालून मंद आचेवर हलवली की ती पुन्हा पहिल्यासारखी सैल होते, आणि गुळाची असल्यास ती तशीच गार खावी.