सप्तर्षींतून येणारे गॅमा किरण

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा." गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप अधूनमधून उगवतोच, आणि खाली कोणीतरी हात जोडतंच. किरणांना वेळापत्रक, तेही भारतीय प्रमाणवेळेचं!

खरे गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच सर्वांत जोरकस प्रकार, आत्ताही येताहेत. त्यांतले काही मार्केरियन ४२१ या दीर्घिकेतून. ती सप्तर्षी तारकासमूहात, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं लांब. केंद्रातल्या प्रचंड कृष्णविवराच्या परिसरातून द्रव्याचे दोन अतिवेगवान झोत सुटतात, आणि त्यातला एक जवळजवळ आपल्यावरच रोखलेला आहे. अशा दीर्घिकेला ब्लेझार म्हणतात.

झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरताना रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश सोडतात. खरी गंमत इथून पुढे. मुंबई-आग्रा हायवेवर ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या ट्रकसमोर एक आदर्श रबरी चेंडू अलगद सोडला (मनातल्या मनातच!), तर तो १६० च्या वेगाने उडेल. इथे ट्रक म्हणजे इलेक्ट्रॉन, चेंडू म्हणजे प्रकाशकण. प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. वाढते ती ऊर्जा.

किती? इलेक्ट्रॉनचा लोरेन्ट्झ गुणक (त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) १०,००० धरा. समोरून येणारा प्रकाशकण त्याला साधारण तितक्या पट जोरकस भासतो. टक्कर होऊन तो उलटा फिरतो आणि आपल्या चौकटीत, म्हणजे आपल्या नजरेतून पाहिल्यावर, पुन्हा १०,००० ने गुणला जातो. म्हणजे गुणकाचा वर्ग, १० कोटी पट! २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा दृश्य प्रकाशकण २० कोटींच्या घरात पोचला, म्हणजे झाला गॅमा किरण. याला व्यस्त कॉम्प्टन प्रक्रिया म्हणतात. आणि चेंडू कुठून आले? बरेचसे त्याच इलेक्ट्रॉनांनी आधी सोडलेले. स्वतःच टाकायचे, स्वतःच टोलवायचे. काही ब्लेझारांत प्रोटॉनांचाही हात असावा, पण मार्केरियन ४२१ पुरतं हे गणित छान जुळतं.

हे किरण तुमच्या मोबाइलपर्यंत पोचत नाहीत. वातावरणात उंचावरच कणांचा सडा पाडून संपतात. त्या सड्यातून काही नॅनोसेकंद निळसर प्रकाश चमकतो. लडाखच्या हानले इथे, ४,२७० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण तेवढाच टिपायला बसवली आहे. तिला मात्र अंधारी रात्र लागते.