आडनाव संपते तिथून शेतघराचे नाव: वेल्समधील कुलशोधाची पार्श्वभूमी

वेल्समध्ये पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती आडनावाचीच. सोळाव्या शतकापर्यंत तेथील बहुतेकांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव नव्हते; मुलाच्या नावानंतर ‘आप’ आणि मुलीच्या नावानंतर ‘वेर्ख’ हा शब्द जोडून बापाचे, कधी आजा-पणजापर्यंतचेही नाव सांगितले जाई. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत सामील झाल्यावर आधी जमीनदार घराण्यांनी स्थिर आडनावे घेतली. खेड्यापाड्यांत मात्र बापाच्या नावावरून दर पिढीला बदलणारी ओळख काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. ‘आप हाउवेल’चे पॉवेल झाले, ‘आप ऱ्हीस’चे प्राइस झाले, पण मुळात नावेच मोजकी असल्याने जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स यांचा असा सुळसुळाट झाला की एकाच पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवहीत एकाच काळातले अनेक जॉन जोन्स भेटतात.

गावकऱ्यांनी यावरचा उपाय केव्हाच शोधला होता: माणूस त्याच्या शेतघराच्या नावाने ओळखावा. जुन्या दफनभूमीतील दगडांवरही मृताच्या नावाखाली घराचे नाव कोरलेले आढळते, आणि संशोधकाला बहुतेक वेळा तीच ओळ अधिक उपयोगी पडते. ही नावे बोलकी असतात. ‘हेन्द्रे’ म्हणजे खालच्या खोऱ्यातले जुने, हिवाळ्यातले घर आणि ‘हावोद’ म्हणजे उन्हाळ्यात गुरे डोंगरावर नेल्यावर राहायचे घर. त्यामुळे एकाच कुटुंबाचा दोन ठिकाणांशी संबंध दिसला, तर ती दोन वेगळी कुटुंबे आहेत असे लगेच मानू नये.

डोलगेलायजवळच्या ब्रिन मौर, म्हणजे ‘मोठी टेकडी’, या शेतघरातील रोलंड एलिस हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस छळाला कंटाळून १६८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात गेला. ‘एलिस’ हे त्याच्या बापाचे नाव; त्यावरून आणखी मागे जाता येत नाही. पण घराचे नाव त्याने नव्या जमिनीला दिले, आणि १८६९ मध्ये रेल्वे कंपनीने फिलाडेल्फियाजवळच्या हम्फ्रीजव्हिल या वस्तीला तेच नाव लावले. अमेरिकेतल्या ठिकाणाचे नाव वेल्समधल्या एका घराच्या दारापर्यंत पोहोचवते, असे उदाहरण विरळाच.

नाव सापडले तरी ते वाचता यावे लागते. मराठीत ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होताना शब्दाची शेपूट बदलते. वेल्शमध्ये डोके बदलते. ‘मेलिन’ म्हणजे गिरणी, पण ‘ती गिरणी’ म्हणताना ‘अ वेलिन’. वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीत एकच घर त्यामुळे दोन वेगळ्या अक्षरांखाली जाऊन बसते. त्यात इंग्रजी कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिलेले स्पेलिंग मिसळले, की गोंधळ वाढतोच. शिवाय ‘लानविहांगेल’, म्हणजे संत मायकेलचे चर्च, या नावाने सुरू होणारी गावे वेल्सभर आहेत. पुढचा शब्द गाळलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी.

यातून वाट काढण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे १८३६ च्या टाइद, म्हणजे दशमांश, कायद्यानंतर तयार झालेले नकाशे. चर्चला धान्याच्या रूपाने द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलण्यासाठी ते काढले गेले, त्यामुळे सोबतच्या तक्त्यांत जमिनीचा मालक, प्रत्यक्ष कसणारा, क्षेत्रफळ आणि पुष्कळदा एकेका शेताचे नावही येते. कसणारा बहुधा कूळ असे आणि कुळे घरे बदलत, म्हणून १८४१ पासूनच्या जनगणनेशी ताडून पाहिल्याशिवाय या नोंदीवरून वंशावळ जोडणे धोक्याचे. हे नकाशे अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. २०१६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थलनामांची अधिकृत सूचीही ठेवणे बंधनकारक झाले. तिची गरज का पडली, हे उत्तर वेल्समधल्या ट्रिवेरिन खोऱ्यात दिसते. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये ते खोरे बुडवले गेले आणि कापेल केलिन गावाबरोबर हावोद वादोग हे शेतघरही तळाशी गेले. क्वेकर तिथे सभा भरवत, आणि पेनसिल्व्हेनियाला गेलेल्यांपैकी पुष्कळजण याच खोऱ्यातले होते. त्या शेतघराचे नाव आता तलावाकाठच्या स्मृतिशिळेवर आहे.