प्रयोगाचा फ्लॅग म्हणजे सेटिंग नव्हे

‘फीचर अजून कच्चं हाय न्हवं? मग सेटिंगमध्ये टाक की. ज्याला पायजे तो चालू करंल.’ कोल्हापुरात सॉफ्टवेअर करणाऱ्या ज्या ज्या टीमबरोबर बसलो, तिथं हे ऐकलं. प्रत्येक वेळी खटकतं.

सेटिंग सगळ्यांना माहीत आहे: भाषा, अक्षरांचा आकार, डार्क मोड. फ्लॅग म्हणजे अर्धवट फीचर झाकून ठेवणारा कोडमधला स्विच. तो कुठं साठवायचा, नाव काय द्यायचं, हे गौण.

घोळ इथं होतो: वापरणाऱ्यानं दाबलं तर सेटिंग, आपण दाबलं तर फ्लॅग, असं लोक धरून चालतात. हे चूक आहे. क्रोम ब्राउझरच्या फ्लॅग्स पानावरचे स्विच वापरणाराच दाबतो, तरी ती सेटिंग्ज नाहीत. डेटा जाऊ शकतो, अशी ताकीद त्या पानावरच असते. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या कोडमध्ये प्रत्येक फ्लॅगपुढं त्याचा मालक आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत मुदत, हे नोंदवलेलं असतं. फरक आहे तो मुदतीचा. फ्लॅग हा आपण स्वतःला विचारलेला प्रश्न; उत्तर मिळालं की तो काढायचा. सेटिंग हा गिऱ्हाइकाला दिलेला शब्द.

आपल्या गुऱ्हाळात बघा. गूळ तीस किलोच्या रव्यात (ढेपेत) हवा की एक किलोच्या, हे घेणारा सांगतो. काहिलीत भेंडीचा रस किती घालायचा, हे गुळव्या करून बघतो आणि ठरवतो. तो प्रश्न व्यापाऱ्याच्या गळ्यात कोणी मारत नाही.

आम्ही मारला होता. गुळाच्या अडतीसाठी बिलिंग करताना हमालीची रक्कम पूर्णांकात आणायची नवी पद्धत ठरवता येईना, म्हणून ती ‘प्रायोगिक’ म्हणून सेटिंगमध्ये टाकली. काही पेढ्यांनी ती चालू केली, वर्षभराचे हिशेब त्यावर झाले, आणि मग ती काढायची सोय उरली नाही. असे दहा स्विच साठले की चालू-बंदच्या 1024 वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्या कोण तपासणार?

ब्राउझरवाल्यांनाही हे भोवलं. सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा; तिच्यातल्या प्रायोगिक गोष्टींच्या नावाआधी लावलेला ‘वेबकिट’ (एका ब्राउझर इंजिनाचं नाव) हा उपसर्ग साइटवाल्यांनी कायमचा धरला आणि 2016 मध्ये फायरफॉक्सलाही तो ओळखायला शिकावं लागलं. क्रोममध्ये पानं दाखवणाऱ्या ब्लिंक इंजिननं 2013 मध्येच ठरवलं होतं की नवे उपसर्ग नकोत, प्रयोग फ्लॅगमागं ठेवायचे.

मग प्रयोगाचं सेटिंग कधी करायचं? जीमेलमधलं ‘पाठवलेलं परत घ्या’ 2009 मध्ये लॅब्ज या प्रयोगांच्या विभागात आलं आणि 2015 मध्ये रीतसर सेटिंग झालं. माझ्या मते ते तिथंच शोभतं, कारण किती सेकंद थांबायचं हे खरोखरच माणसागणिक बदलतं: कुणाला पाच पुरतात, कुणाला तीस लागतात. ‘आमचं ठरत नाही’ हे कारण मी मानत नाही. प्रयोग लोकांना दाखवायचाच असेल तर वेगळ्या पानावर, मुदतीसकट दाखवा. फ्लॅगपुढं काढायची तारीख नसेल, तर तो कोड मी रिव्ह्यूतून (तपासणीतून) परत पाठवतो.