हिप्पोकॅम्पसची कड आखताना

विसरभोळेपणा वाढला म्हणून जत-आटपाडीकडचे आजोबा मिरजेला येतात, डोक्याचा एमआरआय होतो. त्या चित्रांवरून हिप्पोकॅम्पस किती आक्रसलाय, हे आता संगणक मोजून देतो. आठवणी साठवण्याशी जोडलेला हा भाग कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक असतो. सांगलीच्या पेठेतलं वाकडं हळकुंड आठवा: लांबी सुमारे ४ सेंटिमीटर, आकारमान ३ ते ४ घनसेंटिमीटर.

संगणकाला चित्र १ मिलिमीटरच्या ठोकळ्यांत मिळालं, तर या हळकुंडाच्या वाट्याला साधारण साडेतीन हजार ठोकळे येतात. आधी चित्रातला कमीजास्त उजेड सारखा करतात, मग कवटी वगळतात. फ्रीसर्फरसारखी जुनी सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी हाताने आखलेले नमुना-मेंदू आधाराला घेतात आणि पेशंटचा मेंदू त्यांच्याशी जुळवून प्रत्येक ठोकळ्याला नाव देतात; एका मेंदूला काही तास लागतात. २०१५ मध्ये यू-नेट हे चित्रातले भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं सॉफ्टवेअर आलं, आणि त्या धर्तीची नेटवर्क्स हेच काम मिनिटभरात उरकतात.

खरी अडचण कडेला आहे. हिप्पोकॅम्पसच्या पुढ्यात अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग, चित्रात दोन्ही करडे. मधली सीमा तज्ज्ञालाही नीट दिसत नाही. आणि कडेची चूक छोटी राहत नाही. १ सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा ४.२ घनसेंटिमीटरचा, तो सगळीकडून फक्त १ मिलिमीटर फुगला, की ५.६! म्हणजे तिसरा हिस्सा वाढला. विसरभोळेपणाच्या आजारात हिप्पोकॅम्पसची वर्षभरात होणारी घट याहून खूपच कमी असते.

त्यात नेहमीच्या तपासणीत काप बऱ्याचदा ५ मिलिमीटर जाडीचे. आडव्या कापांत अख्खा हिप्पोकॅम्पस तीन-चार चित्रांतच संपतो, कडेच्या ठोकळ्यात करडा भाग आणि मेंदूभोवतीचं पाणी एकत्र मिसळतं. पेशंट हलला तर करडा थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. जुना पक्षाघात किंवा मेंदूतल्या पाण्याने फार फुगलेल्या पोकळ्या असतील, तर निरोगी मेंदूंवर शिकलेलं सॉफ्टवेअर भलत्याच जागी रेघ ओढतं, आणि आकडा मात्र तेवढ्याच ठामपणे छापतं.

म्हणून आकड्याआधी रंगवलेली कड मूळ चित्रावर ठेवून काप न् काप पाहावी, विशेषतः पुढचं टोक. आकारमान कवटीच्या आतल्या एकूण जागेच्या प्रमाणातच तोलावं. वर्षाने तुलना करायची असेल, तर १ मिलिमीटरची थ्री-डी टी-वन मालिका (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा एमआरआयचा प्रकार), तेच मशीन आणि तीच सेटिंग हवी. जुन्या एमआरआयची सीडी जपून ठेवा. फिल्मवरून हे मोजता येत नाही.