तासन्तास मोबाइल बघणाऱ्या मुलाला एडीएचडी असू शकतो का?

"मोबाइल दिला की जागचा हलत नाही, मग याला लक्षाचा आजार कसा?" एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं जड जाण्याच्या विकाराचं, नाव निघालं की पालक हमखास असं विचारतात. शंका रास्त आहे. पण या मुलांकडे लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणं त्यांना जड जातं. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं. शुद्धलेखनाचं फळ दिसायला सहामाही उजाडावी लागते.

यामागे डोपामिन या मेंदूतल्या, बक्षिसाच्या ओढीशी जोडलेल्या रसायनाचं वेगळं गणित आहे, तसाच मेंदूच्या वाढीचा वेगही. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की या मुलांच्या मेंदूचा बाह्यस्तर इतरांसारख्याच क्रमाने वाढतो, पण सरासरी 3 वर्षं उशिरा. आवर घालणारा, आखणी करणारा पुढचा भाग सर्वांत मागे राहतो. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. "मीपण लहानपणी असाच होतो, काय बिघडलं?" हे बाबांचं वाक्य खरं तर निदानाच्या बाजूचाच पुरावा असू शकतं.

रक्ततपासणी किंवा स्कॅन करून हे निदान होत नाही. लक्षणं 12व्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, किमान 6 महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांनी मुलाचं खरंच अडायला हवं. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ होत असेल, तर आधी गणिताकडे बघावं. कमी ऐकू येणं, अपुरी झोप, चिंता, अध्ययन अक्षमता यांतूनही असंच चित्र उभं राहतं. शिवाय यातल्या काही गोष्टी एडीएचडीच्या जोडीनेही असतात. कॅनडात तर वर्गातली वयाने सर्वांत लहान मुलंच जास्त प्रमाणात एडीएचडीची ठरवली गेल्याचं आढळलं. त्यातली काही नुसतीच लहान असणार.

उलट चूक मुलींच्या बाबतीत होते. खिडकीबाहेर बघत बसणारी, वह्या हरवणारी, कुणाला त्रास न देणारी मुलगी 'धांदरट' म्हणवून घेत दहावीपर्यंत पोचते. तिची तक्रार करायला कुणी येत नाही.

6 वर्षांखालच्या मुलांसाठी आधी औषध नाही. आधी पालकांचं प्रशिक्षण. एका वेळी एकच सूचना, कामाचे छोटे तुकडे, आणि शाबासकी तिथल्या तिथे. रविवारी मिळणारं बक्षीस या मुलांच्या फारसं कामाचं नाही. मोठ्या मुलांत याच्या जोडीला बहुधा मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध दिलं जातं. उत्तेजक औषध चंचल मुलाला कसं द्यायचं? 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांच्या डोकेदुखीवर बेन्झेड्रिन हे असंच उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण बरीच मुलं अभ्यासात रमली. मेंदूचा ब्रेक सांभाळणारा भागच या औषधाने जागा होतो, असं आता मानतात.

गुण आला तर बहुधा त्याच दिवशी दिसतो, आणि भूक मेल्याचंही. म्हणून गोळी पोटभर नाश्त्यानंतर द्यावी, उंची-वजन आणि रक्तदाब तपासत राहावं. डोस ठरवताना डॉक्टरांना वर्गशिक्षकांचं मतही लागतं, कारण संध्याकाळी मूल घरी येईपर्यंत गोळीचा असर बहुतेक ओसरलेला असतो.