दंड ठोठावणारे एक, वसूल करणारे दुसरेच

अमेरिकेत रोबोकॉलवरची, म्हणजे यंत्राने आपोआप लावलेल्या ध्वनिमुद्रित कॉलवरची, बंधने १९९१ च्या कायद्यापासून आहेत. वसुलीचा प्रश्न पेटला तो मात्र मार्च २०१९ मध्ये. २०१५ पासून दूरसंचार नियामकाने २०.८४ कोटी डॉलरचे दंड ठोठावले आणि तिजोरीत आले ६,७९० डॉलर, हे तेव्हा छापून आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला रोबोकॉल रोखण्यासाठीच्या ट्रेस्ड कायद्यावर सही झाली. आधी ताकीद देण्याची अट गेली, जाणूनबुजून केलेल्या कॉलमागे १०,००० डॉलरपर्यंत जादा दंडाची सोय झाली, कारवाईची मुदत चार वर्षे झाली.

त्यानंतर दंडाचे आकडे फुगतच गेले: २०२१ मध्ये २२.५ कोटी, २०२३ मध्ये जवळपास ३० कोटी डॉलर.

पण वसुली कोणी करायची, ते कलम जिथल्या तिथे राहिले. खरी मेख तिथेच आहे. नियामक आदेश काढतो. समोरच्याने पैसे भरले नाहीत, तर नियामकाला स्वतः कोर्टात जाता येत नाही. प्रकरण न्याय खात्याकडे जाते. दावा लावायचा की नाही, हे ते खाते ठरवते, आणि लावलाच तर सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होते. तोवर कंपनी गाशा गुंडाळून नव्या नावाने उभी. कॉल परदेशातून आलेला असेल, तर हातात पडतो तो कागदच. म्हणूनच नियामकाच्या प्रमुखांनी थेट दावा लावण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, मागितला. मागणी रास्त होती.

जून २०२४ मध्ये गुंता वाढला. रोखेबाजाराच्या नियामकाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, फसवणुकीसाठी असा दंड करायचा तर समोरच्याला ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढे, सुनावणीचा हक्क आहे. त्या आधारे एप्रिल २०२५ मध्ये एका अपील न्यायालयाने दूरसंचार नियामकाचा ५.७ कोटी डॉलरचा दंड रद्द केला. तो दंड एका फोन कंपनीला, ग्राहकांच्या ठावठिकाण्याची माहिती नीट न जपल्याबद्दल होता, रोबोकॉलचा नव्हता. पण दंडाची पद्धत तीच. त्याच वर्षी इतर दोन अपील न्यायालयांनी उलट निकाल दिले. कंपनी पैसे न भरता दाव्याची वाट पाहू शकते आणि तिथे ज्यूरी मिळते, तेव्हा हक्क शाबूत आहे, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे वसुली अडवणारी नव्याने सुनावणीची तरतूदच या दंडाला घटनेच्या कसोटीवर तारते. दावा लावणारा बदलला तर ती टिकते. सुनावणीच काढून टाकली, तर दंडही कोर्टात टिकणे कठीण.