पाण्याच्या टाकीला कळलेली मॅच

28 फेब्रुवारी 2010, रविवारची दुपार. कॅनडातल्या एडमंटन शहरात पाण्याचा वापर अचानक घसरला. पाइप फुटला नव्हता, पंप बंद पडला नव्हता. लोक नळच उघडत नव्हते. थोड्या वेळाने तोच वापर सुळकन वर चढला, परत पडला, परत चढला.

शहराला पाणी पुरवणाऱ्या एपकॉर या कंपनीने नंतर त्या दुपारचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात दोन रेषा आहेत, एक आदल्या दिवसाची आणि एक त्या रविवारची. शनिवारची रेषा आळसावलेली, हलकी चढउतार असलेली. रविवारची मात्र करवतीच्या दात्यांसारखी. पहिला दाता पहिल्या पिरियडनंतरचा, दुसरा दुसऱ्यानंतरचा, तिसरा तिसऱ्यानंतरचा. आइस हॉकीत वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात आणि मधे सुटी. सुटी झाली की अख्खं शहर एकदम उठून बाथरूमला जात होतं.

शेकडो किलोमीटर दूर व्हँकूव्हरमध्ये हिवाळी ऑलिंपिकची पुरुषांची अंतिम लढत चालू होती: कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा साधारण 3.4 कोटी. त्यातल्या सरासरी 1.66 कोटी लोकांनी ही मॅच टीव्हीवर पाहिली आणि तिचा थोडातरी भाग पाहिलेले होते 2.65 कोटी. तान्ही बाळं सोडली तर उरलं कोण, असा प्रश्न पडावा असा हा आकडा आहे.

आता या आलेखाकडे जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यातच दडलेलं आहे. एरवी शहराची रेषा सपाट का असते? कुणी शिस्त पाळतं म्हणून नव्हे. तुमच्या सोसायटीत शंभर फ्लॅट असतील, तर कुठल्याही क्षणी कुणी अंघोळ करतंय, कुणी भांडी घासतंय, कुणी झोपलंय. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि एकमेकांशी संबंध नसलेलं. अशा असंबद्ध गोष्टींची बेरीज केली की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. गणितात याचा साधा हिशेब आहे: दहा हजार माणसं आपापल्या मर्जीने वागत असतील, तर एकूण बेरजेतला चढउतार दहा हजारांच्या वर्गमुळाइतका, म्हणजे शंभर माणसांएवढाच दिसतो. तीच दहा हजार माणसं एकाच ठेक्यावर वागली, तर चढउतार पुरा दहा हजारांचा. माणसं तेवढीच, त्यांचं पाणीही तेवढंच. फरक फक्त वेळ जुळण्याचा.

आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. सकाळी नळाला पाणी आलं की सगळी चाळ एकदम बादल्या लावते आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. एडमंटनमध्ये समजा लाखभर घरांत त्या सुटीत एकेकदा फ्लश झाला, दर वेळी दहा लिटर धरा, तर दहा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, पंधरा मिनिटांत. ब्रिटनमध्ये हाच प्रकार विजेचा होतो, कारण तिथे सुटी झाली की लोक चहासाठी विजेची किटली लावतात. 4 जुलै 1990 ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं आणि विजेची मागणी एका झटक्यात 2800 मेगावॅटने वाढली. चहा दुःखातही लागतोच.

म्हणजे मोठी मॅच हे एक प्रकारचं घड्याळ आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या लाखो माणसांना ते एकाच वेळेवर आणतं. नळ आणि वीज ही त्यातली सोपी उदाहरणं झाली. खरी गंमत शरीराच्या आत आहे.

त्या दिवशी कॅनडा 2-0 ने पुढे होता. मग अमेरिकेने एक गोल फेडला. शेवटची 24 सेकंद उरली असताना झॅक परीझेने बरोबरी साधली, आणि जिंकलेली मॅच हातातून निसटली. ओव्हरटाइमच्या आठव्या मिनिटाला सिडनी क्रॉस्बीने ‘इगी!’ अशी हाक मारली, जरोम इगिन्लाने पडता पडता पक (या खेळातली रबरी चकती) त्याच्याकडे ढकलला आणि क्रॉस्बीने तो गोलरक्षक रायन मिलरच्या पायांमधून आत घातला. व्हँकूव्हरचे रस्ते माणसांनी भरून गेले, अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत राष्ट्रगीत गाऊ लागले.

परीझेचा तो गोल झाला नसता, कॅनडा शांतपणे 2-1 ने जिंकला असता, तर रस्त्यावरचा आनंद एवढाच असता का? मेंदूविज्ञान म्हणतं, बहुधा नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटत. पण दिवा लागल्यावर रस मिळतो हे एकदा कळलं की त्या दिव्यालाच पेटत आणि प्रत्यक्ष रस आल्यावर गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंद होत. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि पदरात पडलेलं यांतला फरक मोजतात. परीझेने कोट्यवधी लोकांची अपेक्षा 24 सेकंद आधी खड्ड्यात घातली आणि क्रॉस्बीने त्या खड्ड्यातून त्यांना वर उचललं. उंची मोजली जाते ती खड्ड्याच्या तळापासून. कॅनडाच्या जल्लोषात अमेरिकेच्या परीझेचा वाटा मोठा आहे, हे कुणी कॅनेडियन कबूल करणार नाही, ही गोष्ट वेगळी.

हृदयाचं काय? मॉन्ट्रियलमध्ये 20 निरोगी प्रौढांच्या छातीला यंत्रं लावून त्यांना आपल्या शहराच्या संघाच्या आइस हॉकी मॅच दाखवल्या. काहींना टीव्हीवर, काहींना स्टेडियममध्ये. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. टीव्हीसमोर बसलेल्यांच्या नाडीचे ठोके सरासरी 75 टक्क्यांनी वाढले, स्टेडियममधल्यांचे 110 टक्क्यांनी. पहिला आकडा मध्यम व्यायामाचा, दुसरा दमवणाऱ्या व्यायामाचा. आणि हे सगळं बसल्या जागी. गोलची संधी असली की ठोके वाढत, मग ती संधी आपली असो वा समोरच्याची. ओव्हरटाइममध्येही तेच. मला यातली सर्वांत आवडलेली बाब निराळीच आहे: कोण किती कट्टर चाहता आहे याची प्रश्नावली आधी भरून घेतली होती, आणि तिच्यावरून कुणाचं हृदय किती धावेल याचा काहीच अंदाज बांधता आला नाही. ‘मला काय एवढं पडलेलं नाही’ म्हणत पेपर वाचणाऱ्या काकांची नाडी एकदा बघायला हवी.

गंमत सोडून एक गोष्ट सांगायला हवी. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना एरवीच्या 2.66 पट झाल्या होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना जास्त धोका. घरात असं कुणी असेल, तर पेनल्टी शूटआउटच्या वेळी त्यांच्या गोळ्यांची आठवण ठेवावी.

पण हृदयं नुसती वेगात धावत नाहीत, ती एकमेकांशी जुळतातही. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात दर जून महिन्यात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमाराला, लोक धगधगत्या निखाऱ्यांवरून चालतात. आपल्या जत्रांतही हा प्रकार आहे. तिथे शास्त्रज्ञांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी नोंदवले. चालणाऱ्याचे नातेवाईक आणि मित्र नुसते बसून होते, तरी त्यांच्या ठोक्यांचा आलेख चालणाऱ्याच्या आलेखाबरोबर वर-खाली होत होता. त्याच गर्दीत बसलेल्या परक्या पाहुण्यांचा मात्र जुळला नाही. निखारे सगळ्यांनी तेच पाहिले. जुळलं ते ज्यांना चालणारा ‘आपला’ वाटत होता त्यांचंच.

हा ‘आपला’ शब्द मुद्दाम वापरला. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये त्यालाही आत ओढलेलं असतं. मॅच जिंकल्यावर कुणीही ‘आम्ही जिंकलो’ म्हणत नाही, म्हणतो ‘आपण जिंकलो’. हरल्यावर? ‘हरले लेकाचे!’ मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये अमेरिकी विद्यापीठांत हेच तपासलं. विद्यार्थ्यांना आपल्या कॉलेजच्या फुटबॉल मॅचचं वर्णन करायला सांगितलं, तर विजयाच्या वर्णनात ‘वी’ जास्त यायचं, पराभवाच्या वर्णनात कमी. आधी एखाद्या चाचणीत ‘तुम्ही नापास झालात’ असं सांगून ज्यांना खट्टू केलं होतं, त्यांच्यात हा फरक आणखी ठळक. संघ जिंकला की सोमवारी कॉलेजचं नाव छापलेले कपडेही जास्त दिसत. इंग्रजीत एकच ‘वी’ असल्यामुळे त्यांना आम्ही-आपणचा भेद मोजता आला नाही. मराठीत हा प्रयोग कुणीतरी करावा.

आता गर्दीत उतरू. चेक प्रजासत्ताकाचे आइस हॉकी चाहते एक घोषणा देतात: ‘क्दो नेस्काचे, नेनी चेख’, म्हणजे ‘जो उडी मारत नाही तो चेक नाही’, आणि मग ‘हॉप, हॉप, हॉप’. 1998 ला नागानो ऑलिंपिकमध्ये रशियाला 1-0 ने हरवल्यावर प्रागचा जुना चौक भरून गेला होता. त्या मॅचमधला एकुलता एक गोल पेत्र स्वोबोदाचा. स्वोबोदा या आडनावाचा चेक भाषेतला अर्थ ‘स्वातंत्र्य’, आणि समोर रशिया. लोकांना आणखी काय हवं होतं? गोलरक्षक डॉमिनिक हाशेकला थेट राष्ट्रपती करा अशा घोषणा झाल्या. तो राष्ट्रपती झाला नाही, पण 8217 क्रमांकाच्या लघुग्रहाला त्याचं नाव आहे. मे 2024 मध्ये प्रागमध्येच जागतिक स्पर्धा झाली, चेक संघाने अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला 2-0 ने हरवलं आणि पुन्हा तोच चौक, तीच गर्दी.

या घोषणेत भौतिकशास्त्र आहे. ‘हॉप’ हा शब्द ठेका देतो, म्हणजे पुन्हा घड्याळच. ‘गणपती बाप्पा’ म्हटल्यावर ‘मोरया’ नेमकं कधी म्हणायचं हे जसं लाखोंच्या गर्दीत कुणाला सांगावं लागत नाही, तसं. माणूस सहज उडी मारतो ती सेकंदाला साधारण दोन या वेगाने आणि जमिनीवर आपटताना स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर लावतो. प्रत्येकाने आपापल्या वेळी उडी मारली, तर मघाचा वर्गमुळाचा हिशेब लागू होतो आणि जमिनीला फारसं कळतही नाही. ठेका जुळला, की तो हिशेब मोडतो. म्हणून स्टेडियमच्या गॅलऱ्या बांधणारे अभियंते माणसांच्या नुसत्या वजनाचा विचार करून थांबत नाहीत. गॅलरीची स्वतःची कंपनं उड्यांच्या ठेक्याशी जुळणार नाहीत ना, हेही बघतात. जानेवारी 2011 मध्ये सिएटलच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका धावेवर प्रेक्षकांनी असा गदारोळ केला की जवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

ठेका द्यायला कुणी लागतंच असंही नाही. भौतिकशास्त्रज्ञ झोल्तान नेदा आणि सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांत टाळ्यांचं ध्वनिमुद्रण केलं. सुरुवातीला टाळ्यांचा नुसता कल्लोळ. मग काही सेकंदांत त्या आपोआप एका ठेक्यात यायच्या, पण त्यासाठी प्रत्येकजण टाळ्यांचा वेग जवळपास निम्मा करायचा. हळू वाजवलं की जुळतं. मग उत्साह वाढतो, लोक वेग वाढवतात आणि ठेका फुटतो.

गर्दी फार दाट झाली की मात्र माणूस ठेका देणारा राहत नाही, वाहून जाणारा होतो. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात सान फेर्मिन उत्सवाच्या उद्घाटनाची गर्दी शास्त्रज्ञांनी वरून चित्रित केली. दर चौरस मीटरला साधारण चारच्या वर माणसं गेली की शेकडो जणांचा पुंजका आपोआप गोल हेलकावे घ्यायला लागतो, एका फेरीला सुमारे 18 सेकंद. कुणी ढकलत नसतं, कुणी ठरवत नसतं. जर्मनीत 2010 च्या लव्ह परेड या संगीत महोत्सवातल्या चेंगराचेंगरीआधीच्या चित्रणातही असे हेलकावे दिसले. 4 जून 2025 ला बेंगळुरूमध्ये क्रिकेटच्या विजयोत्सवात 11 जणांचा जीव गेला. गर्दीत आपण नकळत झुलतोय असं वाटलं, तर तो जल्लोषाचा भाग समजू नये. कडेला सरकायला सुरुवात करावी.

मग लोक एवढ्या गर्दीत जातातच का? घरी टीव्हीवर गोल दहा वेळा दाखवतात. ऑक्सफर्डच्या नौकानयन संघावर एक छोटा प्रयोग झाला होता. खेळाडूंना यंत्रावर वल्हवायला लावलं, कधी एकट्याने, कधी सगळ्यांना ठेक्यात. मेहनत दोन्ही वेळी सारखीच. नंतर दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवून किती दाब सहन होतो ते पाहिलं. एकत्र वल्हवल्यावर दुखणं सोसण्याची ताकद एकट्याने वल्हवल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. ठेक्यात हालचाल केली की शरीर एंडॉर्फिन, म्हणजे स्वतःचंच वेदनाशामक, जास्त सोडत असावं, असा संशोधकांचा निष्कर्ष.

यावरून परत 28 फेब्रुवारी 2010. ऑन्टारियो प्रांतातल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत त्या दुपारी किती लोक आले, याचा कुणीतरी अभ्यास केला. मॅच सुरू होण्याआधीची संख्या इतर रविवारांसारखीच होती. मॅच चालू असताना ती 17 टक्क्यांनी खाली आली. सर्वांत जास्त कमी झाले ते पुरुष, किरकोळ तक्रारींचे: पोटदुखी, सांधे-स्नायूंची दुखणी, लहानसहान जखमा.

बायकोने ‘चला, दाखवून येऊ’ म्हटलं असेल. त्यावर काय उत्तर मिळालं असेल, ते ओळखायला ऑन्टारियोला जायला नको.